बिनतारीचा अर्ज

"आता भाईर बघा," निसार म्हणाला आणि त्यानं टेबलावरच्या डब्याचं बटण दाबलं.

बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर तसाच दुसरा डबा ठेवलेला होता. त्यात टक् असा आवाज झाला आणि वरचा तांबडा दिवा लागला. शेजारी बसलेला एक पक्षकार दचकून उठला आणि जिन्याजवळ जाऊन उभा राहिला. दोन डब्यांच्या मध्ये भिंत होती. वायर कुठंच नव्हती.

"पाण्याच्या मोटारीचा स्टार्टर असतोय न्हवं, त्याला त्यो डबा जोडायचा," निसार सांगत होता. "ह्यो घरात. लाईट आली की बटण दाबायचं. नदीवर जायाचं कारणच न्हाय."

गणपतराव सरनोबतांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. मग ते स्वतः उठले, बाहेरचा डबा उचलून आत आणला आणि दार लावून घेतलं.

"हे किती जणांनी बघितलंय?"

"कसबा बावड्याच्या केरबाकडं एक जोड चालू हाय, दोन म्हयनं झालं. आजूबाजूची माणसं येत्यात की बघाय."

"आणि याचं लायसन?"

"रेडिओचं हाय की."

"निसार, रेडिओ ऐकतो. हे बोलतं," गणपतराव म्हणाले. "ऐकणाऱ्याला सरकार पंधरा रुपयांत सोडतं. बोलणाऱ्याला सोडत नाही."

निसार हसला. त्याला ती वकिली थट्टा वाटली. पंच्याहत्तर सालचा मार्च महिना होता. बाहेर ऊन कडक होतं आणि दार लावल्यामुळं खोलीत वारा येत नव्हता.

गणपतराव बावन्न वर्षांचे होते. वकील होण्याआधी चौदा वर्षं त्यांनी तार ऑफिसात काम केलं होतं. नोकरी करता करता ते कायदा शिकले आणि सनद घेऊन कोर्टासमोरच्या माडीवर ही एक खोली भाड्यानं घेतली. इतर वकील जमिनीची आणि मारामारीची कामं करत. गणपतरावांकडं यायचं ते खांबाचं आणि तारेचं. कुणाच्या शेतात न विचारता टेलिफोनचा खांब पुरलेला असे, कुणी ट्रंक कॉलच्या बिलावरून भांडत असे, कुणाला बिनपरवाना रेडिओची नोटीस आलेली असे. बाररूममध्ये त्यांना 'तारवाले' म्हणत. त्यांच्या कपाटात तारेचा जुना कायदा होता, अठराशे पंच्याऐंशीचा, आणि त्याच्या शेजारी बिनतारीचा, तेहेतीस सालचा. दोन्ही पुस्तकांना त्यांनी स्वतः कापडी पुठ्ठे घातले होते. ती त्यांना जवळजवळ पाठ होती. एवढ्या पाठांतराची गरज पडेल असं काम मात्र तेरा वर्षांत एकदाही आलं नव्हतं.

निसारचं लक्ष्मीपुरीत रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. शिक्षण सातवीपर्यंत, पण बिघडलेला सेट कानाशी धरूनच तो दोष सांगे. केरबा त्याचं जुनं गिऱ्हाईक. उसाच्या गाडीचं चाक पायावरून गेलं आणि केरबाचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. लाईट कधी यायची ते कुणाला सांगता येत नसे, आणि कुबडी घेऊन नदीची उतरण उतरणं केरबाला जमत नसे. त्याच्यासाठी निसारनं वर्षभर खपून डब्यांची पहिली जोडी केली होती. सुटे भाग मुंबईच्या जुन्या बाजारातून आणले होते.

"आता शिरोलीचं बाळासो इंगळे आलंत मागं," तो म्हणाला. "पंपांचा कारखाना हाय त्यांचा. हे डबं त्यानला काढायचं हाईत. नकाशं माझं, कारखाना त्यांचा. करार पाठवलाय, आठ पानं इंग्रजी. वाचून सांगा सायेब, सही करू का नगो."

गणपतरावांनी करार घेतला. जाड कागद, मुंबईच्या सॉलिसिटरचं नाव, समास सोडून सुबक टाइप केलेला. असा कागद त्यांच्या टेबलावर पहिल्यांदाच आला होता.

"आधी मला ते चालताना बघू दे," ते म्हणाले.

रविवारी दोघं सायकलवरून बावड्याला गेले. केरबा अंगणात बाजेवर बसला होता. घराच्या आढ्याला कळकाची उंच काठी बांधली होती आणि तिच्या टोकाला तार. केरबाच्या बायकोनं, तानाबाईनं, चहा आणला. केरबानं कपबशी खाली ठेवली, मांडीवरच्या डब्याचं बटण दाबलं आणि गप्प बसून राहिला. थोड्या वेळानं शेताच्या कडेच्या पाटात सोडलेल्या पाइपातून आधी हवा खाकरली आणि मग पाणी आलं.

गणपतराव पाटाजवळ जाऊन उकिडवे बसले. तार ऑफिसात त्यांनी हजारो निरोप पाठवले होते, मरणाचे, लग्नाचे, बदलीचे. निरोप गेला की पलीकडं काय होतं ते त्यांना कधी दिसलं नव्हतं. त्यांनी पाण्यात हात घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"वकीलसायेब, येक इचारायचं हुतं," केरबा म्हणाला. "परवा येक माणूस आल्ता सायकलवर. पांढरा शर्ट. म्हणला, पावणं, ही तार कशाची? म्या म्हटलं, मोटारीची. त्यानं वहीत कायतरी ल्हिलं आन् गेला."

"लाईटीच्या हापिसातला असंल," निसार म्हणाला.

"लाईटीची माणसं मला सगळी म्हाईत हाईत," केरबा म्हणाला.

परतताना गणपतरावांनी दोनदा सायकल थांबवून मागं बघितलं.

बाळासो इंगळे पुढच्या आठवड्यात आले. चाळिशीचा गोरा माणूस, आवाज मोठा पण वागणं अदबीचं. गणपतरावांनी करारातल्या बाकीच्या कलमांवर बारीकसारीक दुरुस्त्या सुचवल्या, त्या त्यांनी सगळ्या मान्य केल्या. मग नववं कलम आलं. सहा महिन्यांत सरकारी परवाना मिळाला नाही, किंवा निसारच्या हातून कायद्याचा भंग झाला, तर डबे, नकाशे आणि सगळे हक्क कंपनीकडं राहतील. निसारचा त्यावर कसलाही दावा राहणार नाही.

"हे कलम काढायला लागेल," गणपतराव म्हणाले.

"मुंबईवाला म्हणतोय, ते काढलं तर सही करू नगा," बाळासो शांतपणे म्हणाले. "उद्या परवाना आलाच न्हाई, तर मी काय कपाळावर मारू डबं? मला बी कायतरी आधार पायजे. आन् वकीलसाहेब, परवान्याचं काम करणार तुमीच. कोल्हापुरात ह्यातलं दुसऱ्या कुणाला कळतंय? सहा म्हयन्यांत हुईल का न्हाई, तेवढं सांगा."

निसारनं वकिलांकडं बघितलं.

असा अर्ज गणपतरावांनी पूर्वी कधी केला नव्हता. जिल्ह्यात कुणीच केला नसावा. मला माहीत नाही, असं म्हणता आलं असतं. पण मुंबईच्या सॉलिसिटरचा कागद समोर होता, आणि तेरा वर्षांत पहिल्यांदा कुणी त्यांना त्यांच्या विषयातलं मोठं काही विचारत होतं.

"चार महिन्यांत होईल," ते म्हणाले.

निसारनं सही केली.

अर्ज गणपतरावांनी स्वतः टाइप केला. तीन संध्याकाळी ते त्यावर बसले होते. यंत्र कसं चालतं, काठी किती उंच, डबे कुठं कुठं आहेत, कोण वापरतो, सगळं त्यांनी लिहिलं. बावड्याचा नकाशा पट्टी घेऊन काढला. त्यात केरबाचं घर, नदी, मोटार आणि लक्ष्मीपुरीतलं दुकान तांबड्या शाईनं दाखवलं. निसार शेजारी बसून बघत होता.

"सायेब, परवाना येस्तवर डबं मोडून ठिवू का?"

कायद्यानं तेच बरोबर होतं. पण एप्रिल लागला होता आणि केरबाचा ऊस उभा होता. गणपतरावांना पाटातलं ते पाणी आठवलं.

"लपवलंस तर गुन्हा. सांगितलंस तर अर्ज," ते म्हणाले. "आपण सगळं सांगतोय. पावसाळ्यापर्यंत राहू दे त्याच्याकडं."

अर्ज रजिस्टरनं दिल्लीला गेला. पोच आली. मेअखेरीला तिकडून एक पत्र आलं, त्यात सात प्रश्न होते. सुटे भाग कुठून घेतले. डबे कुणी कुणी हाताळले. यंत्रातून माणसाचा आवाज पाठवता येईल का. सातवा प्रश्न असा होता, की अर्जदाराचे कोणी नातेवाईक परदेशात आहेत काय.

गणपतरावांनी प्रश्न वाचून दाखवला.

"चुलता हाय. शमशुद्दीन. अठ्ठेचाळीस साली कराचीला गेला. अब्बा हुते तवा दोन पत्रं आल्ती. नंतर काय न्हाय. जिता हाय का न्हाय ते बी ठाव न्हाय."

टाइपरायटरवर गणपतरावांची बोटं थांबली. पाकिस्तानशी लढाई होऊन चार वर्षंसुद्धा झाली नव्हती.

"ल्ह्याचं का सायेब ते?"

"विचारलंय म्हटल्यावर खरं लिहायला पाहिजे," गणपतराव म्हणाले. "उद्या खोटं निघालं तर अर्जच बाद होईल."

"तुमी म्हणताय तर ल्ह्या."

त्यांनी एक ओळ टाइप केली. अर्जदाराचे चुलते कराची येथे असतात, संपर्क नाही. ओळ लिहून झाल्यावर त्यांनी कागद वर सरकवून ती पुन्हा वाचली. त्यात चूक काही नव्हती.

त्यानंतर दिल्लीहून काही आलं नाही.

जूनच्या सव्वीस तारखेला सकाळी निसारच्या दुकानासमोर गर्दी होती. सगळे सेट एकाच स्टेशनवर लावले होते. आणीबाणी म्हणजे नेमकं काय, ते लोक एकमेकांना विचारत होते. त्याच आठवड्यात पाऊस लागला. निसारनं केरबाकडची जोडी सोडवून दुकानात आणली आणि दुपारी तो गणपतरावांकडं आला. उभ्याउभ्याच बोलला.

"दोन दिवस झालं, समोरच्या हाटेलात येक माणूस बसतोय. च्या घेतोय आन् दुकानाकडं बघतोय. सायेब, डबं पंचगंगेत सोडून येऊ का? पूर हाय. जात्याल."

गणपतरावांनी कपाटातून अर्जाची प्रत काढली. डबे किती आणि कुठं कुठं आहेत, ते त्यांनीच लिहिलं होतं.

"आता नाहीत म्हटलं, तर पुरावा नष्ट केला म्हणतील," ते म्हणाले. "जागेवर राहू देत. आपल्याकडं पोच आहे."

निसारनं मान हलवली. छत्री उघडून तो जिना उतरून गेला.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात एके दिवशी सकाळी साडेदहाला मेहमुदा, निसारची बायको, त्यांच्या खोलीत आली. पावसात छत्री न घेता चालत आली होती. खुर्ची दिली तरी ती बसली नाही.

"त्यानला नेलं. दुकान उघडाय गेलतं, तितनंच. सहा-सात जण हुतं. डबं नेलं, गिऱ्हाइकाचं रेडिओ बी नेलं. म्या इचारलं कुटं नेताय, तर म्हणलं, वकिलानला इचारा. म्हणून आले."

गणपतरावांनी कोट चढवला आणि तिला घेऊन ते ठाण्यावर गेले. तिला बाहेर बसवून त्यांना एकट्याला आत घेतलं. फौजदार तरुण होता, बाहेरगावचा. त्यानं त्यांच्यासाठी चहा सांगितला.

"कुठल्या कलमाखाली अटक आहे?" गणपतरावांनी विचारलं.

"अटक नाही. स्थानबद्धता आहे. मिसा."

"कारण?"

"कारण द्यावं लागत नाही, ते तुम्हाला माहीत आहे." फौजदारानं टेबलावरची फाइल उघडली आणि त्यांच्याकडं फिरवली. वर त्यांचाच अर्ज होता. त्यांचा टाइप, त्यांच्या टाइपरायटरचा अर्धवट उमटणारा 'आर'. खाली नकाशा. तांबड्या शाईच्या जागांवर आता कुणीतरी निळ्या पेन्सिलनं गोल केले होते. सातव्या उत्तराखाली निळी रेघ होती.

"आम्हाला काहीच शोधावं लागलं नाही, वकीलसाहेब," फौजदार म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "इतकं व्यवस्थित कुणी लिहून देत नाही. चहा घ्या."

गणपतरावांनी चहा घेतला नाही. बाहेर आल्यावर मेहमुदा उठून उभी राहिली.

"किती दिवस?" तिनं विचारलं.

"बघतो मी," ते म्हणाले.

पुढचे दोन महिने ते बघत राहिले. त्यांनी अर्ज केले, स्मरणपत्रं पाठवली, मुंबईच्या एका मोठ्या वकिलाला जाऊन भेटले. तो म्हणाला, या दिवसांत मिसाचं नाव निघालं की न्यायाधीशसुद्धा खाली बघतात. निसारला येरवड्याला हलवलं होतं. मेहमुदा महिन्यातून एकदा एसटीनं जाऊन यायची. येताना ती गणपतरावांच्या खोलीवर येऊन दोन वाक्यं सांगायची. तब्येत बरी हाय. तुमची याद सांगितल्या. दुसरं वाक्य ऐकताना ते टेबलावरचे कागद सारखे करत.

ऑगस्टअखेर त्यांना कळलं, की केरबाचाही जबाब झाला आहे. ते बावड्याला गेले. काठी आढ्यावर नव्हती. केरबानं त्यांना बसा म्हटलं नाही.

"काय सांगितलंस त्यांना?"

"म्या काय सांगणार? तीन दिवस बशीवलं तितं. कुबडी काढून घेतली हुती." केरबा जमिनीकडं बघत बोलत होता. "इचारलं, डब्यातनं आवाज येत हुता का? म्हटलं, घूं घूं येत हुता. कुणाचा आवाज? म्हटलं, डब्याचा. मग कागूद म्होरं केला, त्यावर अंगठा घेतला. काय ल्हिल्यालं ते मला वाचाय येतंय व्हय?"

तानाबाई दारात उभी होती. ती म्हणाली, "त्या भल्या माणसानं पाणी दिलं वो आमास्नी." केरबानं तिला आत जायला सांगितलं.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला रजिस्टर पत्र आलं. करारात निसारचा पत्ता म्हणून गणपतरावांच्या खोलीचा पत्ता होता, त्यामुळं पोचेची सही त्यांनाच करावी लागली. सहा महिने झाले, परवाना नाही. कलम नऊप्रमाणे सर्व हक्क कंपनीकडं आले आहेत. पत्र तीन ओळींचं होतं.

ते शिरोलीला गेले. बाळासोंनी त्यांना कचेरीत नेलं आणि पंखा लावला. पलीकडून यंत्रांचा आवाज येत होता.

"मला कलमाबद्दल बोलायचं नाही," गणपतराव म्हणाले. "कलम तुमचंच. पण तुम्ही एक पत्र द्या. हे डबे पाण्याच्या पंपासाठी आहेत, तुमच्या कारखान्यासाठी करार झाला होता, एवढंच. हेरगिरीचा संशय त्यानं धुऊन निघेल."

बाळासोंनी उठून कचेरीचं दार लावून घेतलं.

"वकीलसाहेब, मी कुणाकडं कागाळी केलेली न्हाई. आईशप्पत. जे गेलं ते तुमच्या अर्जानं गेलं."

"मला माहीत आहे."

"माझ्याकडं दोनशे माणसं कामाला हाईत. पोलादाचा कोटा सरकारच्या हातात, लाईट सरकारच्या हातात. कराचीचं नाव असल्याल्या फायलीत मी माझं नाव घालू?" त्यांनी आवाज खाली आणला. "ह्ये वारं निवू दे. मग कंपनीच्या नावानं परवान्याचा अर्ज करूया. तुमीच करायचा. ह्यातलं तुमच्याएवढं कुणाला कळत न्हाई, ह्ये मी मुंबईतबी सांगतोय."

गणपतराव उठले. दारापर्यंत गेल्यावर ते म्हणाले, "तो अर्ज माझ्याकडून होणार नाही."

त्या संध्याकाळी त्यांनी टाइपरायटर घरी आणला. त्यांच्या बायकोनं, शालूबाईंनी, जेवायला दोनदा हाक मारली आणि मग त्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"काय लिहिताय?"

"माझा जबाब."

त्यांनी सगळं लिहिलं. डबे मोडून ठेवू का असं निसारनं विचारलं होतं, मी नको म्हटलं. नदीत सोडू का विचारलं, मी अडवलं. नकाशा मी काढला. यंत्र बिनपरवाना आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्याला माहीत नव्हतं. गुन्हा झाला असेल तर तो माझ्या सल्ल्यानं झाला आहे.

शालूबाईंनी वाचलं. त्या मॅट्रिक झालेल्या होत्या.

"तुम्हालाबी नेतील."

"नेऊ देत."

"त्यानं तो सुटणार हाय का?"

शालूबाईंनी कागद परत टेबलावर ठेवला. "ताट वाढलंय," एवढंच म्हणून त्या आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी ते ठाण्यावर गेले. फौजदारानं तो कागद उभ्यानंच वाचला.

"हे मी घेत नाही. तुम्ही घरी जा."

"मग मी टपालानं पाठवतो."

"पाठवू नका," फौजदार म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज बदलला होता. "माझं ऐका. मी तुम्हाला सल्ला देतोय."

त्यांनी रजिस्टरनं पाठवला. एक प्रत मुंबईला, एक दिल्लीला.

महिन्यानं त्यांना ठाण्यावर बोलावणं आलं. सकाळी अकराला यायचं, बाकावर बसायचं, पाचला घरी जायचं. पहिल्या दिवशी कुणी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तो बाक रस्त्याच्या बाजूला होता, आणि कोर्टाकडं जाणारे वकील, कारकून, पक्षकार तिथूनच जायचे. आधी काहींनी नमस्कार केला. पुढं लोक रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनं जायला लागले. असे एकवीस दिवस गेले. बाविसाव्या दिवशी एका हवालदारानं त्यांना सांगितलं, उद्यापासून यायची गरज नाही. त्यांच्या जबाबाचं काय झालं ते त्यांना कधीच कळलं नाही. फायलीत तो लावला होता का, हेसुद्धा नाही.

खोलीवर परत बसायला लागले तेव्हा व्हरांड्यातला पक्षकारांचा बाक रिकामा होता. आठवड्यातून कधी एखादा माणूस येई, तोही पत्ता विचारायला. खांबाची आणि तारेची कामंही आता दुसरीकडं जात होती. सनद कुणी काढून घेतली नव्हती. ती भिंतीवर होती.

निसार सत्त्याहत्तरच्या मार्चअखेर सुटला, सगळे सुटले तेव्हा. वीस महिने झाले होते. गणपतरावांना ते पेपरातून कळलं. जायचं म्हणत एप्रिल गेला, मे गेला. बाळासोंच्या माणसानं निसारला कारखान्यात बोलावल्याचं त्यांनी ऐकलं. नकाशे होते, पण कारखान्यात केलेला डबा बोलेना. निसार गेला नाही, असंही ऐकलं.

जूनमध्ये एका दुपारी ते लक्ष्मीपुरीत गेले. दुकानावर नवी पाटी होती, 'मोटार वाइंडिंग'. आत एकही रेडिओ नव्हता. भिंतीलगत जळालेल्या मोटारी ओळीनं ठेवल्या होत्या. निसार खाली बसून हातानं फिरवायच्या चाकावर तांब्याची तार गुंडाळत होता. केस पुढून पांढरे झाले होते. त्यानं वर बघितलं, चाक थांबवलं नाही.

"या सायेब. बसा."

बसायला एक उपडं खोकं होतं. गणपतराव त्यावर बसले. पूर्ण झालेलं वेटोळं निसारनं चाकावरून काढलं आणि दोऱ्यानं चार ठिकाणी बांधलं.

"रेडिओ बंद केलेस?"

"व्हय. कुणाचा सेट हातात घेतला की हात थांबत्यात." त्यानं दोरा दातानं तोडला. "ह्ये बरं हाय. ह्यात कायबी बोलत न्हाय."

"निसार, मी त्या अर्जात…"

"तुमी सांगितल्यालं कायद्यानं बराबरच हुतं सायेब," निसार म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि दुसरंही काही नव्हतं. "आत येक प्रोफेसर हुतं आमच्याबरुबर. त्येबी म्हणलं, वकिलानं बराबर सांगितलं."

महिनाभर मनात जुळवून आणलेल्या वाक्यांतलं गणपतरावांना आता एकही आठवत नव्हतं. निसारनं नवीन वेटोळ्यासाठी चाकाला तार अडकवली, दोनदा ओढून बघितली आणि मग मागं वळून तारेचं रीळ उचललं.

"जरा ह्ये धरता? एकट्यानं तार ढिली पडत्या."

त्यांनी रीळ दोन्ही हातांत धरलं.

"आता तारंचं येढं मोजायचं असत्यात," निसार म्हणाला. "मधी बोलू नगा."

चाक फिरायला लागलं. तार गणपतरावांच्या बोटांमधून पळू लागली. आधी गार, मग हळूहळू कोमट. निसारचे ओठ हलत होते. बाहेरून एक टांगा गेला. कुणीतरी दारात येऊन मोटार झाली का विचारून गेलं, त्यालाही निसारनं नुसती मान हलवली. गणपतरावांच्या खांद्याला रग लागली तरी त्यांनी हात खाली घेतले नाहीत. रीळ त्यांच्या हातात फिरत होतं, हलकं होत चाललं होतं.